शिशाचे दहा वेढे

२ मार्च, शनिवार

आज पहिल्यांदा शिसं न घालता सहा माश्या बांधल्या. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

बाबांची बोटं थरथरायला लागली तेव्हापासून गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून या खोट्या माश्या मीच बांधते. पुलाखाली नदी खोल आणि ओढीची. मोठा मासा तळाशी, दगडाआड. माशी तिथवर बुडायची तर पिसांखाली शिशाच्या तारेचे दहा वेढे हवेत – बाबांनीच शिकवलेलं. वेढे नसले की प्रवाह तिला वरच्यावर पळवतो आणि मासा ढुंकूनही बघत नाही.

गेल्या महिन्यात पाण्यात उभे असताना त्यांचा पाय निसटला. वीस-पंचवीस पावलं वाहत गेले. एक मूळ हाती लागलं म्हणून वाचले. घरी येऊन म्हणतात काय, "पाणी जरा गार होतं." सत्तरी उलटली तरी! सांगून ऐकणाऱ्यातले नाहीत. मासाच लागला नाही तर कंटाळतील, नाद सुटेल. मला एवढंच हवंय.

३ मार्च, रविवार

रिकाम्या हाताने आले. हायसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

१० मार्च, रविवार

आजही काही नाही. आई म्हणाली, "अहो, नदीतले मासे संपले की काय?"

"मासे आहेत गं. मीच संपलो."

आई हसली. मला हसता येईना.

१३ मार्च, बुधवार

बाबांची माश्यांची डबी आवरली. सहाच्या सहा माश्या जशाच्या तशा, पिसं अजून फुललेली. वस्तू जपून वापरायची त्यांची सवय जुनीच. पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या. चूर्ण आधी तळहातावर घ्यायचे, वजन सांगायचे, मग तराजूत टाकायचे. काटा कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेला नाही. आता त्याच हातातला कप बशीवर वाजतो.

आईला सांगावं का? नको. तिच्या पोटात काही राहत नाही.

२४ मार्च, रविवार

चौथा रविवार. बाबांनी गळाची काठी पुसली, पिशवीत घातली, नाडी बांधली. "हात गेला माझा. शेजारच्या मास्तरांना देऊन टाक, त्यांना आवड आहे."

अर्धी भाकरी ताटात तशीच. खिडकीशी बसून राहिले. रेडिओही लावला नाही.

मला हेच तर हवं होतं! मग न्हाणीघरात नळ सोडून रडत का बसले? त्यांना पाण्यातून वाचवायला गेले आणि त्यांच्या हातावरचा त्यांचा विश्वासच काढून घेतला. बुडाले असते तर निदान मी बुडवलं नसतं. काय लिहितेय हे.

२७ मार्च, बुधवार

मास्तरांकडे गेले नाही. विसरले म्हणून सांगितलं.

३० मार्च, शनिवार

सहा माश्या बांधल्या. पुरते दहा वेढे, प्रत्येकीला. भीती गेलेली नाही, तशीच आहे.

"बाबा, एकदाच जा. मग देऊ काठी." डबी पुढे ठेवली.

३१ मार्च, रविवार

सकाळी बाबांनी डबी उघडली. एक माशी तळहातावर घेतली.

"आज शिसं आहे."

मी डबीचं झाकण मिटायला गेले.

"बिनशिशाची पहिली हातात घेतली तेव्हाच कळलं. तू तोंडाने सांगितलं असतंस तर भांडलो असतो. न सांगता केलंस, म्हणजे फारच घाबरली असशील. मग काय, काठावर बसून परत येत होतो."

आधीच्या सहांतली एकही माशी पाण्यात पडली नव्हती. आणि मी काय लिहिलं होतं – जपून वापरतात!

त्यांनी कमरेचा पट्टा घट्ट केला. "चल. मागून धरशील?"

धरला. ते उतरले, त्यांच्यामागे मी.

पाणी खरंच गार होतं.