मुराळ्याशिवाय आलेली मुलगी

नाना, आज महेश्वरच्या लॉजवर मॅनेजरनं मला विचारलं, "साथ में कौन है, मैडम?" साठीला आलेली बाई मी. म्हटलं, "कोई नहीं. अकेली हूँ. कमरा देना है तो दो." बिचारा दचकलाच. त्याचा काही दोष नव्हता, रोजच्या सवयीनं विचारलं असेल. माझा आवाज चढला तो तुमच्यावर. खोलीत आले, पाय धुतले, नर्मदेकडची खिडकी उघडली आणि बाहेर बघायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बापाच्या हक्कानं माझ्या चांगल्या दिवसाचा असा विचका करता. कमाल आहे तुमची.

आपल्याकडे सासुरवाशीण आपण होऊन माहेरी येत नाही. माहेरचा मुराळी, म्हणजे भाऊ नाहीतर चुलता, तिला आणायला जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तर पोरी मुराळ्याची वाट बघून अर्ध्या होतात. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दादा धुळ्याला यायचा, सासूबाई त्याला आमरस-पुरणपोळी वाढायच्या, आणि मी त्याच्या मागून पारोळा, जळगाव करत फैजपूरला पोचायची, एखाद्या गाठोड्यासारखी. तिकीट त्याच्या खिशात. गाडी कुठं लागते, पाणी कुठं मिळतं, सगळं त्यालाच ठाऊक. लग्नाआधी तरी काय वेगळं होतं? कॉलेजला जळगावला धाडलंत तेही चुलतभावाच्या पहाऱ्यात. आणि तुम्ही स्वतः? केळीच्या ठिबकच्या नळ्या आणायच्या तरी चौघांना गाडीत कोंबून न्यायचात. एकट्यानं चहा पिताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी आखाजी तोंडावर आली होती. शेजारच्या अक्कांच्या घरून आईचा फोन आला. ती फोनला भ्यायची, लांब धरून ओरडायची. त्या दिवशी मात्र हळू बोलली. "मले बरं वाटत नाही व माय. येऊन जाय. तुले काही सांगनं हाये, ते फोनवर नाही सांगता येत." हे नोकरीच्या कामानं बाहेरगावी. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनीही आधी न्यायला कोण आलंय तेच विचारलं, "तुले लेवाले कोनी ऊनं नही का?" मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "जाय तू. पोरेसले मी देखसू." सासूनं सोडलं, नाना! सासूनं!

जन्मात पहिल्यांदा एकटी गाडीत बसले. जळगावला पाट्या वाचत वाचत दुसरी गाडी शोधली. फैजपूरला उतरते तर तुम्ही टपरीपुढच्या बाकावर चार जणांत बसलेले. मी हसले. तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या मागं बघितलंत. "कोनासंगे आली व?" म्हटलं, "कोणी नाही. आईनं बोलावलंय." तुम्ही उठून मला बाजूला घेतलंत. "एकटी आली? लोकं काय म्हनतीन? दादल्याच्या घरून पयून आली म्हनतीन. तुह्या मायले काही झालं नाही. आखाजीले मुराळी धाडतो, तवा मानानं ये." जळगावची गाडी लागलेलीच होती. तिच्यात मला बसवलंत, कंडक्टरला सांगितलंत की पोरीले पुढं धुळ्याच्या गाडीत बसवून द्या, आणि माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवून खाली उतरलात. घर तिथून हाकेच्या अंतरावर. आत आई वाट बघत होती. आणि तुम्ही मला दारसुद्धा दाखवलं नाहीत!

फैजपूरपासून धुळ्यापर्यंत मी रडत गेले. पारोळ्याच्या आसपास शेजारच्या बाईनं "मळमळतंय का?" विचारलं, पिशवीतून लिंबू काढून दिलं आणि झोपून गेली. बाकी कुणी वळूनही बघितलं नाही. ज्या लोकांच्या भीतीनं तुम्ही मला माघारी धाडलंत, त्यांना माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती. एकटीच्या प्रवासातला हा माझा पहिला धडा, तोही तुमच्याच कृपेनं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दादा आला. मानानं. जेवला, टॉवेल-टोपी घेतली, पान खाल्लं. आम्ही घरी पोचलो तर सकाळीच आईला अर्धांगाचा झटका आलेला. तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. मला बघून तिनं चांगला हात उचलला, ओठ हलवले, आणि नुसता आवाज निघाला. पावसाळ्यापर्यंत जगली. मी जायची तेव्हा काहीतरी सांगायची धडपड करायची. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायची. काय सांगायचं होतं तिला? मला आजही माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. तुम्ही तिकडे पडवीत सुपारी कातरत बसलेले. एकदा तरी "चुकलं" म्हणालात का? मरेपर्यंत नाही म्हणालात. मला तुमचा राग येतो, नाना, आणि तो काही केल्या कमी होत नाही.

पोरं मार्गी लागली आणि मी हिंडायला लागले. हट्टानं, एकटी. हे म्हणतात, "जा बाई, तू काही ऐकायची नाहीस." सेंधव्याला एकदा चुकून खरगोनच्या गाडीत बसले. कळल्यावर उतरले, चहा प्यायले, उलटी गाडी पकडली. आभाळ कोसळलं नाही. रस्ता टपरीवरच्या चार बाप्यांना विचारण्यापेक्षा एका भाजीवालीला विचारावा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा सोबत असला की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हे सगळं कुणीही शिकेल. मला शिकायला वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. कुणी "जा" म्हटलं म्हणून लगेच जायचं नसतं, पाय रोवून उभं राहायचं असतं. हे मला त्या दिवशी येत असतं तर तुम्ही कितीही डोळे वटारले असते तरी मी त्या गाडीत चढले नसते. पण ते यायला पोरीला आधी चार ठिकाणी एकटीनं जाऊ द्यावं लागतं. तेच तर तुम्ही होऊ दिलं नाही. माझे पाय तुम्ही बांधलेत आणि मग म्हणालात, चल, चढ गाडीत.

आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? बॅगेतच राहील. पण एक कबूल करते. यातलं निम्मं मला तुम्हाला सांगायचंच नव्हतं. आईला सांगायचं होतं, की बघ, मी कुठं कुठं जाऊन आले. तिला अक्षरओळख नव्हती. मी धुळ्याहून लिहिलेलं प्रत्येक पत्र तुम्ही ओट्यावर बसून तिला वाचून दाखवायचात, आणि माझ्या रडण्या-भांडणाच्या ओळी गाळून "खुशाल आहे" एवढंच वाचायचात. तिनं एकदा मलाच विचारलं होतं, "तुले कधी काही दुखत नाही का व?" आता वर तिथंही तिला वाचून दाखवायला तुमच्याशिवाय कोण असणार? म्हणून तुमच्या नावानं लिहिलं. मोठ्यानं वाचा, नाना. या वेळी एकही ओळ गाळू नका.