मुंबईच्या रेडिओवर नागावचं भूत

मुक्काम नागाव, तालुका अलिबाग
शनिवार, ता. १२ नोव्हेंबर १९३८

राजमान्य राजश्री वडील मेहुणे हरेश्वरराव यांस,

नागावहून रामचंद्राचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि म्हैस आहे. आपली गुडघेदुखी थंडीनं वाढली नसेल अशी आशा करतो. वहिनींचा खोकला गेला का? आपण सांभाळता त्या शेठजींच्या किहीमच्या बंगल्याला दिवाळीनंतर सफेदी लावायची होती, ती झाली असेलच. लिहिण्याचं निमित्त असं की गेल्या मंगळवारी संध्याकाळी आपण शेठजींच्या रेडिओवर माझं नाटक ऐकलंत. ऐकल्यावर आपल्या मनात काही प्रश्न आले असणार. चार दिवस झाले, आपण एकही प्रश्न विचारलेला नाही, तेव्हा न विचारताच पहिल्यापासून सांगतो.

माझे ट्रेनिंग कॉलेजातले स्नेही बाळाजीपंत हल्ली मुंबईला रेडिओवर नाटकं बसवतात. गणपतीत ते इकडे आले होते. मोदक खाऊन झाल्यावर त्यांनी मला सांगितलं की विलायतेत रेडिओवर जुन्या भयकथांची अर्ध्या तासाची नाटकं करतात आणि लोक दिवे मालवून ऐकतात, तसं एक मराठीत हवं आहे. एवढं बोलून त्यांनी मुखपृष्ठ गेलेलं एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, तेही दोनदा बसून झालेलं. पण मास्तराला कोणी लेखक म्हटलं की तो नाही म्हणत नाही. पुस्तकातली गोष्ट अशी. समुद्राकाठच्या कड्यावर एका साहेबाचं दगडी घर असतं. त्याची पहिली मडम मेलेली असते. दुसरी मडम लग्न होऊन येते, आणि रोज दिवेलागणीला तिला जिन्यावर पहिलीची पावलं ऐकू येतात. शेवटी दुसरी बर्फात पळत सुटते आणि सापडत नाही. (मी स्वतः बिजवर आहे, राहीला जाऊन सहा वर्षं झाली आणि नलूशी लग्न होऊन तीन, ही गोष्ट मला माहीत होती. पण रूपांतर करताना ती ध्यानात आली नाही. शब्दकोश उघडा असला की माणसाला दुसरं काही दिसत नाही.)

अडचणी पुष्कळ आल्या. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून भरती आणली. लांडगे नाहीत, म्हणून कोल्हे घेतले. जिन्यासाठी घराला माडी चढवली. असा पहिला खर्डा तयार करून मी तो आमच्या वाडीचा रहाट हाकणाऱ्या अंबाजीला वाचून दाखवला. अंबाजी अमावस्येला बावीकडे एकटा जात नाही, तेव्हा भीतीच्या बाबतीत त्याचा शब्द मी मोठा मानतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विडी पेटवली.

"मास्तर, ही बाई जिना चढते नि उतरते. तिचं काम काय?"

"ती भूत आहे, अंबाजी."

"ते कळला. पन ती मागते काय? भूत काय तरी मागतं. कोंबडा मागतं, नारळ मागतं. ही काय मागतच न्हाय. मंग भ्यायाचा कशाला? चढंल नि उतरंल."

मला रात्रभर पटलं नाही आणि सकाळी पटलं. मेलेली बाई आपल्या घरी परत आली तर मागेल काय? तिचं स्वयंपाकघर मागेल. मी भुताला जिन्यावरून उतरवून चुलीपाशी आणलं. नवी बायको मिठाची बरणी डाव्या फळीवर ठेवते आणि सकाळी ती उजव्या फळीवर असते. एवढं लिहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. मग भुताला बोलणं भाग पडलं, आणि भुताची वाक्यं दोन बैठकींत झाली. "मिठाची बरणी चुलीजवळ ठेवू नये, पाझरते, किती वेळा सांगायचं?" "वाचत वाचत जेवायचं आणि मग आमटीला नावं ठेवायची." "दार ओढून घ्यावं, ढकलू नये, दारालाही जीव असतो." "घरात दुसरं माणूस जागं आहे, हे बघून मग कंदील मालवावा." ही वाक्यं कुठून आली याचा मी विचार केला नाही. लेखकानं तसा विचार करू नये असं बाळाजीपंत म्हणतात. दुसऱ्या बायकोला मूळ गोष्टीतच भिण्याखेरीज काम नाही. तिला मी "अगं बाई!", "कोण आहे तिकडे?" आणि चार किंकाळ्या दिल्या.

मुंबईला जाताना मी रहाटाच्या जुन्या आसाचा हातभर तुकडा आणि तो ज्यात फिरतो ते लाकूड धोतरात गुंडाळून घेतलं होतं. झपाटलेल्या घराचं दार करकरायला हवं होतं, आणि कोरड्या रहाटासारखं करकरणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. रेवसच्या बोटीवर शेजारी मासळीच्या पाट्या घेऊन नीराबाई बसली होती. (आपल्या फाटकाशी कोलीम विकते तीच.) गाठोड्यात काय आहे म्हणून तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की आवाज आहे. तिनं आपल्या पाट्या उचलल्या आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत दुसरीकडे तोंड करून बसली.

रेडिओची खोली आतून गोधड्या लावल्यासारखी असते. तिथे समुद्र सुपात वाटाणे घोळवून करतात. जन्म समुद्राकाठी गेलेल्या माणसाला हे सहन होत नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. बाळाजीपंत म्हणाले की खरा समुद्र त्या यंत्रातून भजी तळल्यासारखा ऐकू येतो. मग मी माझं लाकूड बाहेर काढलं. ते मात्र सर्वांना पसंत पडलं. (दादू गाडीवाला त्या दिवशी नलूला घेऊन आपल्याकडे आला होता आणि पायरीवर बसून नाटक ऐकत होता. तो सांगतो की दार पहिल्यांदा करकरलं तेव्हा आपल्या ओट्यावरचं कोणी तरी म्हणालं, "कुनाच्या वाडीला पानी सोडलंय." असो.)

भुताचं काम कोकिळाबाईंनी केलं. वीस वर्षं नाटक कंपनीत काढलेली बाई. त्यांनी ती मिठाची बरणी अशी काही विचारली की वाटाणेवाल्याचं सूप थांबलं आणि समुद्र मध्येच बंद पडला. दुसरी बायको झालेली मुलगी मात्र तालमीत इतकी किंचाळली होती की ऐन वेळी तिचा घसा बसला. पहिली किंकाळी उचकीसारखी आली. दुसरी आलीच नाही. बाळाजीपंतांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे बोलायची सोय नसते, बोललेलं मुलूखभर जातं. त्यांनी माझा दंड धरून मला पुढे उभं केलं. तेव्हा नाटकाच्या शेवटची, भरतीतली जी किंकाळी आपण ऐकलीत ती माझी होती. आमच्या शाळेच्या शिपायानं अलिबागेत एका हॉटेलात ती ऐकली आणि ओळखली.

बुधवारी मी आनंदात घरी आलो तर दाराला कुलूप. अंबाजीची बायको रंगू म्हशीला वैरण घालत होती. ती म्हणाली, "बाई किहीमलाच ऱ्हायल्या. कवा येतील ते न्हाय सांगितलं." पुढचं मला दादूकडून कळलं. बरणीच्या वाक्याला ओट्यावरच्या बायकांनी वळून नलूकडे पाहिलं. आमटीच्या वाक्याला पुरुषांनीही पाहिलं. दाराच्या वाक्याला वहिनी हसल्या. कंदिलाच्या वाक्याला नलू उठून आत गेली ती नाटक संपेपर्यंत बाहेर आली नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत झालं आहे, तेव्हा मी वर्णन करण्यात अर्थ नाही.

आपण रागावला असाल. बहीण बिजवराला दिली ती दिली, आणि त्या शहाण्यानं सवतीचं भूत करून मुलुखाला ऐकवलं, असं आपल्याला वाटत असेल. माझं म्हणणं इतकंच की गोष्ट इंग्रजांची आहे, साहेब बिजवर होता त्यात माझा हात नाही, आणि राहीनं जिवंतपणीसुद्धा कुणाची बरणी हलवली नाही. नाटकातल्या कोणाचाही आमच्या घराशी संबंध नाही. रेडिओवाल्यांना दहाबारा पत्रं आली असून भूत फार आपलंसं वाटलं असं सर्वांनी लिहिलं आहे. वहिनींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. गुडघ्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यावा.

आपला,
रामचंद्र

ता. क. नलू कपाटाची चावी बरोबर घेऊन गेली आहे. माझी धोतरं कपाटात आहेत. नेसलेलं सोडून जे एक होतं ते रहाटाच्या वंगणानं खराब झालं. चावी तेवढी दादूबरोबर पाठवावी, बाकी काही घाई नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो तोच दादू आला. चावी न मागताच आली, आणि सोबत नलूची चिठ्ठी. ती जशीच्या तशी उतरवतो, कारण तिनं ती आपल्याला दाखवली नसेल.

"चावी पाठवली आहे. तुमची धोतरं खालच्या खणात आहेत. दादा रागावले आहेत ते राहीताईंवरून. त्यावरून मी रागावलेले नाही. त्यांचा फोटो रोज मीच पुसते. पण तुम्ही माझी सगळी वाक्यं मेलेलीला दिलीत आणि जिवंत बाईला नुसतं किंचाळायला ठेवलंत. मी घरात कधी किंचाळले? साप निघाला तेव्हा काठी कोणी आणली? तिला एक तरी वाक्य द्यायचं होतंत. लोक माझ्याकडे बघून हसत होते आणि नाटकात मला बोलायला काही नव्हतं. नलू."

ता. क. तिसरा. वर मी लिहिलं आहे की नाटकाचा घराशी संबंध नाही. ते खोडलेलं समजावं. आता खरं लिहितो. भुताला बोलतं करायचं ठरल्यावर मी राही कशी बोलायची ते आठवायला बसलो. तिचं चालणं आठवलं. पाटावर बसल्यावर पदर कसा घ्यायची ते आठवलं. आवाज आठवेना. चार वर्षं एका घरात काढली, हरेश्वरराव, आणि तिचं एक वाक्य तिच्या आवाजात मला ऐकू येईना. अंबाजीच्या भुताला मी भ्यालो नाही, पण त्या वेळी भ्यालो. इतक्यात पडवीतून नलू म्हशीला काही तरी समजावून सांगत असलेली ऐकू आली, आणि मी तेच लिहीत सुटलो. माझ्या कानात आता एकच आवाज आहे. मेलेली माणसं बोलायची झाली तरी त्यांना तोच घ्यावा लागतो. हे आपण नलूला सांगावं, एवढीच या पत्रातली खरी विनंती आहे. मी सांगायला गेलो तर अर्ध्यातच घसा खाकरून दुसरं काही बोलेन.

ता. क. चौथा. नको, सांगू नका. उद्या रविवार, शाळा नाही. दादूच्या गाडीतून मी स्वतःच येतो आणि हे पत्र आपल्या हाती देतो. ते तिला मोठ्यानं वाचून दाखवावं. तोवर मी फाटकाशी उभा राहतो. वाचून झाल्यावर मला आत घ्यायचं की नाही, हे तिला म्हणू द्यावं. कोणीही मध्ये बोलू नये.