गोठ्यातली आगगाडी

प्रिय सबीबाय,

हे पत्र तुला गुरुप्रसाद आणून देईल. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा तोच. आता म्हापशाच्या बाजारात मासे पोचवतो, स्वतःचा टेम्पो आहे. जेटीवर त्याच्याच बर्फाच्या पेटीवर बसून लिहितोय, तेव्हा कागदाला बांगड्याचा वास आला तर नाक मुरडू नकोस. फोन केला असता, पण माझा फोन पप्पांनी टाचेखाली चिरडला आणि तुझा नंबर त्यातच होता. पाठ कुठला असायला! नववीतून पळालेला माणूस मी.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, नाहीतर भलतीकडे जाईन. पप्पांचा उजवा हात मोडलाय. मीच मोडला. ते सरकारी हॉस्पिटलात आहेत, उद्या घरी येतील. ममाच्या हातावर भाजल्याची जखम आहे, ती त्यांनी दिलेली. आणि तीच ममा त्यांची उशी उन्हात टाकून, पेजेचे तांदूळ निवडून तयार बसलीय. उद्या ती त्यांच्यासमोर उभी असता कामा नये, सध्या माझ्या डोक्यात एवढंच आहे.

झालं ते असं. नोव्हेंबर संपता संपता मी हुबळीहून आलो. तिथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होतो, त्याआधी अंकोल्याला ट्रकवर, आणि मधे काही दिवस एका सर्कशीत जनरेटर सांभाळला, पण ते राहू दे. घरी आलो तर पप्पांनी यंदा नाताळच्या गोठ्याला आगगाडी लावायचं काढलेलं. वाड्यावर गोठ्यांची स्पर्धा असते ना, त्यात पहिला नंबर हवा. जहाजावर कामाला असताना आणलेला तो खेळण्यातल्या जर्मन गाडीचा संच आठवतो? आपल्याला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत तो. तू एकदा इंजिन उचलून पाहिलंस, तेव्हा तुझा पुढचा दात पायरीवर पडला होता. तीच गाडी.

प्लायवूडवर रूळ मांडले, मधे गवताचा डोंगर, गुहेत बाळ येशू. गाडी दाराकडून जोरात निघायची आणि डोंगरामागे जाऊन दमायची. पप्पा प्लायला लाथ मारायचे, गाडी चार बोटं सरकायची, मग ते ममाला शिव्या घालायचे. जणू तिनेच रूळ पिकवलेत. मला कारण कळलं होतं. आपल्या खाऱ्या हवेत रुळांचे सांधे काळे पडतात, करंट पुढे जात नाही. सांध्यांवर विसंबायचंच नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर द्यायची, डाख लावून. तसं सांगितलं तर म्हणाले, "माझ्या रुळांका चटके देतलस? खालचा प्लास्टिक जळला, तर तुका जाळीन." दोन दिवसांनी गाडी पुन्हा अडली, तेव्हा स्वतःच म्हणाले, "कर, बघया."

खरं सांगू, ते काम करताना मी खूष होतो. पॉलिश पेपरने रुळाची कड घासायची, पेस्ट लावायची, वायरीच्या टोकावर आधीच डाख चढवून ठेवायचा, मग तापलेलं डाखाचं आयर्न टेकवून लगेच उचलायचं. पाण्यासारखा पसरतो डाख. ममा टेबलाखाली बसून भोकांतून एकेक वायर वर सरकवायची. म्हणायची, "शेवयो घालतंय गो बाय मी!" ती हसत होती, सबी. खुर्चीत पप्पा फेणीचा ग्लास धरून बसलेले, आणि तरी ती हसत होती.

मग मी तिला सर्कशीतल्या माकडाची गोष्ट सांगायला लागलो. माझा स्वभाव तुला माहीत. माकड मालकाचं पाकीट घेऊन तंबूवर चढलं इथवर आलो, आणि आयर्न रुळावर तसंच राहिलं. खालच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या मेणासारख्या बसल्या, रूळ वाकडा झाला. पप्पा उठले, कुणाच्या हातून पेन घ्यावं तसं माझ्या हातून आयर्न घेतलं. ममाचा हात टेबलाच्या कडेला बाहेर होता, वायर धरलेला. त्यांनी तिचं मनगट दाबलं आणि आयर्न कोपराखाली ठेवलं. टेकवून लगेच उचललं नाही. ठेवलं. वर मला म्हणाले, "बघ, कसा वितळता ता."

तिने गाऊनची कड दातांत धरली. वास आला.

यापुढे मला त्यांना अहोजाहो लिहवत नाही. गाडीला करंट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी खोका मी वायरीला धरून गरगरवला आणि त्याच्या हातावर हाणला. सुकी झावळी मोडावी तसा आवाज झाला. आयर्न पडलं. दुसरा खांद्यावर. तो खुर्चीसकट उलटला, मी छातीवर पाय दिला आणि तिसरा मारला. तोंडातून रक्त आलं त्याच्या. पहिला फटका ममासाठी होता, दुसराही असेल. तिसऱ्याला मजा आली. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. चौथ्यासाठी हात वर गेला तर ममा टेबलाखालून सरपटत येऊन त्याच्यावर आडवी पडलेली. "मार! आधी माका मार! तूय तसलोच झालस मगे?" खोका माझ्या डोक्यावर लटकत राहिला.

आणि मग तिने काय केलं ठाऊक आहे? स्वतःच्या हाताला पाणीसुद्धा न लावता त्याचा हात फळीला बांधला. हॉस्पिटलात म्हणाली, ते शिडीवरून पडले आणि मला तव्याचा चटका बसला. तोही मान हलवत होता; पोराने बडवलं हे कसं सांगणार! डॉक्टरने तिची पेन्सिलीएवढी जखम पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि मलम लिहून दिलं.

आता हे पत्र कशाला ते. ममा आज दुपारच्या पणजी गाडीने तुझ्याकडे येतेय. स्वतःसाठी ती त्या घरातून हलली नसती, मी हजार विनवण्या केल्या. म्हणून खोटं बोललो. तुला सहावा महिना लागलाय हे तूच मागे फोनवर म्हणालीस. मी सांगितलं, गुरुप्रसादकडे तुझ्या घोवाचा निरोप आलाय, डॉक्टरने तुला बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायची बंदी केलीय. तिने विचारलं, "तुझ्या बापसाक पेज कोण घालतलो?" मी म्हटलं, मी. "तू? तू मारशीत त्येका." बाळ येशूच्या आईची, सायबिणीची शपथ घेतली तेव्हा पिशवी भरायला लागली. शपथ पाळायचीय, सबी, म्हणून मी कुठेही जात नाहीये. त्याला पेज मिळाली नाही तर ती परत येईल. तेव्हा तू एवढं कर. ती दारात येईल तेव्हा पलंगावर अस. भांडी घासू नकोस, कपडे पडू देत, तिला वाटलं पाहिजे की तिच्याशिवाय इथलं अडलंय. हाताचं विचारू नकोस. तव्याचा चटका म्हणेल, बरं म्हण. नाताळ झाला की जायचं काढेल, तेव्हा कण्ह. बाळ आल्यावर दुसरं खोटं शोधू, मिळून.

तुझाच, घरी थांबलेला
ॲल्स्टन