डाग समजून वगळलेलं

५ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हो गं, जेवते वेळेवर! काळजी वेगळीच आहे. माझा क्वेसार तुला तोंडपाठ आहेच: दूरच्या आकाशगंगेच्या पोटातलं अवाढव्य कृष्णविवर, त्यात पडता पडता तापणारा वायू आणि तिथून येणारे एक्स-रे. त्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं. विवर जितकं मोठं, तितकं सावकाश. अकरा वर्षांच्या नोंदी छान जुळत होत्या आणि शेवटची एकदम तिसऱ्या हिश्शावर. सर म्हणतात, यंत्राची गडबड आहे, वगळ आणि प्रबंध देऊन मोकळी हो. पुन्हा मोजायचं तर सहा महिने हातचे जाणार. तू जन्मभर दवाखान्यात एक्स-रे काढलेस. तू काय केलं असतंस?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

यंत्राला तोंड नाही म्हणून सगळं त्याच्या माथी मारायचं होय? मी हेच केलंय, म्हणून बोलते.

तुझ्या बाबांचा खोकला आठवतो? पहिला एक्स-रे मीच काढला होता. उजवीकडे पुसट ठिपका होता. म्हटलं, फिल्म धुताना डाग पडला असेल. दादा माझा, चांगला धडधाकट, त्याला काय होणार? दुसरी फिल्म काढली नाही, हीसुद्धा डॉक्टरांना दाखवली नाही. सहा महिन्यांनी काढली तेव्हा ठिपका लिंबाएवढा झाला होता.

चौदा वर्षं हे सांगायचा धीर झाला नाही. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण ती नोंद वगळू नकोस. पुन्हा मोज.

माया ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
आत्या

२० ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सात महिने पत्र टाकलं नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू? तुझी नंतरची तीन पत्रं न फोडता ठेवली होती. काल फोडली.

पुन्हा मोजलं. तेज आणखी उतरलंय. यंत्र बिचारं खरंच सांगत होतं. सरांनी चक्क कान पकडले.

बाबांचं तसं पुन्हा मोजता येत नाही, आणि ते मला अजून सलतं. पण तू सांगितलं नसतंस तर मीही ती नोंद पुसून टाकली असती.

ती फिल्म तू फेकली नसशील. घेऊन ये. माझ्या खिडकीला धरून दोघी बघू. ठिपका तू दाखव, बाकीचे बाबा मी बघेन.

गाडीची वेळ कळव, न्यायला येते.
तुझीच भिंगरी