बसऱ्याचं पितळी पिस्तूल

३ डिसेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि जांबे गावात मी सोडून कोणाला वेळ नाही.

आज जयसिंगकडून पिस्तूल ताब्यात घेतलं. जयसिंग माझा धाकटा चुलतभाऊ. आमचे आजोबा सुभानराव पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, तिथून हे घेऊन आले. वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांची ट्रंक त्याच्या वडिलांकडे गेली, ट्रंकेत हे. काकांनी ते पोलीस ठाण्यात नेऊन निकामी करून घेतलं होतं. नळी मागून बुजवलेली आहे, तसा कागदही आहे. कायद्याची कटकट नाही.

जयसिंग म्हणाला, दादा, असंच घेऊन जावा, माझ्याकडं नुसतं पडून हाय. मी एवढा भोळा नाही. फुकट घेतलेल्या वस्तूवर उद्या कोणीही हक्क सांगेल. म्हणून मी रीतसर व्यवहार केला. रस्त्याकडेला आमची सामाईक पट्टी आहे, बाभळी माजलेली. तिच्यातला माझा वाटा गेल्या आठवड्यात त्याला हक्कसोड करून दिला. सही करताना तो म्हणाला, दादा, अजून इचार करा. घाबरला असणार.

साधनाला अजून बोललो नाही. त्या पट्टीवर आयटीतल्या पोरांसाठी मेस काढायचं तिचं जुनं खूळ आहे. योग्य वेळी सांगेन. बायकोला एकदम मोठी बातमी देऊ नये.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी निरीक्षण. अंग पितळी, मूठ लाकडी, नळी आखूड. नळीचं तोंड एवढं मोठं की अंगठा सहज आत जातो. (गेला. निघायला वेळ लागला. साधनाने खोबरेल दिलं, कारण विचारलं नाही.) एका बाजूला बाणाचं चिन्ह, 1918 आणि पुसट इंग्रजी अक्षरं.

निष्कर्ष: घोडदळ. एवढ्या तोंडाची गोळी माणसासाठी नसते. एका बारात घोडा आणि स्वार दोन्ही. असलं हत्यार साध्या शिपायाला कोण देणार? आजोबा हवालदार असणार.

दुपारी भाडेकरूंचा गीझर बंद. तीन मजले चढलो. गुडघे. जमीन विकून खोल्या बांधल्या तेव्हा वाटलं होतं, आता आराम. आता मी गीझरवाला.

९ डिसेंबर, सोमवार

वेशीवर ग्रामपंचायत नवी कमान बांधतेय. २६ जानेवारीला उद्घाटन. नाव ठरलेलं नाही. माझ्या डोक्यात नाव तयार आहे: 'वीर जमादार सुभानराव प्रवेशद्वार'. (हवालदारापेक्षा जमादार कमानीवर शोभतं, आणि बढती झालीच असणार.)

सरपंच शुभांगीला भेटलो. माझ्या मुलीच्या वर्गातली, तरी मी आदराने बोललो. तिने पिस्तुलाचा मोबाईलवर फोटो काढला, काहीतरी शोधलं आणि म्हणाली, काका, ही तर फ्लेअर गन दाखवतंय. मी म्हटलं, बरोबर आहे. फ्लेअर म्हणजे ऐट. अधिकाऱ्यांना ऐटीत मिरवायला देत. ती म्हणाली, तसं नाही वाटत, तुम्ही कोणा जाणकाराला दाखवा आणि लेखी आणा, मग मीटिंगमध्ये विषय घेते.

लेखी! मी स्वतः जाणकार आहे हे तिला कोण सांगणार. तरुण पिढी फार दमवते.

१४ डिसेंबर, शनिवार

पिस्तूल जाणकाराला दाखवायचं तर नीटनेटकं हवं. चिंच आणि मीठ लावून तासभर घासलं. सोन्यासारखं झालं! पुसट अक्षरं आणखी पुसट झाली, त्यातली काही गेली, पण एकूण शोभा आली. 1918 शाबूत आहे.

साधना म्हणाली, देवाची समई केव्हापासून घासा म्हणतेय, तिला हात लावला नाहीत. मी म्हटलं, समईला इतिहास नाही. ती म्हणाली, माझ्या आईची आहे.

उद्या समई घासायची. (ठराव.)

२१ डिसेंबर, शनिवार

समई राहिली. पाठ भरली आहे.

लेटरहेड छापून आणलं: 'सुभानराव इतिहास संशोधन केंद्र, जांबे. मुख्य कार्यालय.' छापणाऱ्याने विचारलं, शाखा कुठं आहेत? मी म्हटलं, नियोजनात.

पट्टीवर जेसीबी आलाय. बाभळी काढल्या. साधनाने गच्चीवरून पाहिलं आणि खाली येऊन विचारलं, जयसिंगभाऊजी काय करतायत? मी म्हटलं, साफसफाई असेल. ती खूष झाली. म्हणाली, बरं झालं, आता बोलून घ्या त्यांच्याशी, अर्ध्यात आपलं एक शेड बसेल. तिने वहीचं पान फाडून मेन्यूसुद्धा लिहिला आहे. सोमवारी पिठलं-भाकरी.

मी बरं म्हटलं. छातीत थोडं धडधडलं. गॅसेस.

२८ डिसेंबर, शनिवार

जाणकार सापडले. मुठा गावाला एक दांपत्य राहतं. वीकेंडला म्हणून घर बांधलं आणि आता तिथेच असतात. त्यांच्यापैकी एक जण लष्करी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात मोठे अधिकारी होते, असं दूधवाल्याकडून कळलं. फोन केला. आवाज बाईंचा. मी म्हटलं, साहेबांना जरा द्या. साहेब आले आणि म्हणाले, हो, या की रविवारी.

थोर माणसाचा थोर माणसाशी संवाद कसा दोन वाक्यांत होतो.

५ जानेवारी, रविवार

स्कूटरवरून मुठ्याला. रस्ता खणलेला. कंबर संपली.

साहेब अंगणात मिरचीला पाणी घालत होते. मी पिस्तूल काढलं तसे ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, अहो, मी बँकेत होतो. हिला दाखवा. मग त्यांच्या पत्नी आशालताबाई बाहेर आल्या. कारखान्यात त्या होत्या. हे आधी सांगायला काय झालं होतं? मी दीड तास साहेबांसाठीची वाक्यं पाठ करत आलो होतो.

बाईंनी चष्म्यावर भिंग लावलं. नळीत छोटी बॅटरी मारून बघितलं. मग म्हणाल्या, अस्सल आहे. शंभर टक्के अस्सल. ब्रिटिश, घडण बर्मिंगहॅमची असावी, बाण म्हणजे सरकारी माल. साल खरं आहे, निकामीही व्यवस्थित केलंय.

मी तिथेच उठलो आणि लेटरहेड पुढे केलं. म्हटलं, एवढंच लिहून द्या.

त्या म्हणाल्या, बसा. अजून झालं नाही. हे घासलं कोणी? अर्धे शिक्के गेलेत. मी म्हटलं, मिसेसने. त्यांना काय कळतंय.

मग त्या म्हणाल्या, हे सिग्नल पिस्तूल आहे. यातून गोळी जातच नाही. बघा, नळी आतून गुळगुळीत. यात दारूचं नळकांडं घालायचं आणि आकाशात सोडायचं. वर जाऊन पेटतं, रात्री मैदानभर उजेड पडतो. शत्रू दिसावा म्हणून, नाहीतर आपल्याच लोकांना खूण म्हणून.

मी विचारलं, घोडा? त्या म्हणाल्या, कुठला घोडा?

मी म्हटलं, अगदी जवळून मारलं तर? त्या म्हणाल्या, जवळून मारलं तर भाजेल. कशाला माराल पण?

त्यांनी लेटरहेडवर सगळं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. सही केली. चहा चांगला होता. निघताना म्हणाल्या, हे चालवणारा माणूस फार धीराचा असतो हं, उजेड झाला की पहिला तोच दिसतो. सांत्वन करत होत्या. मला गरज नव्हती.

परतताना पिरंगुटला थांबून वडापाव खाल्ला. चव लागली नाही.

६ जानेवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. बाईंनी 'अस्सल' लिहिलं आहे. ते पहिल्याच ओळीत आहे. पान तिथे दुमडलं तर खालचं दिसत नाही. झेरॉक्स काढली. नीट येते.

९ जानेवारी, गुरुवार

साधनाला कळलं.

मी सांगणारच होतो. पट्टीवर पत्र्याचे गाळे उभे राहिले, शटर लागलं, तशी ती स्वतःच गेली आणि जयसिंगला म्हणाली, आपला गाळा कुठला? जयसिंगला वाटलं तिला माहीत आहे. तो म्हणाला, वैनी, दादांनी वाटा सोडला की. पिस्तुलासाठी. मी न्हाई म्हनत व्हतो.

घरी आली. भांडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीत ना?



मी तिला आशालताबाईंचं पान दुमडून दाखवलं. तिने पान माझ्या हातातून घेतलं, उघडलं, खालपर्यंत वाचलं आणि परत दुमडून दिलं.

रात्री आमटीत मीठ नव्हतं. मी तशीच खाल्ली. बीपीला चांगलं.

१२ जानेवारी, रविवार

साधना तीन दिवस कामापुरतं बोलते. घरात थांबवत नाही. नेऱ्याला गोजराआत्याकडे गेलो. आजोबांची शेवटची हयात मुलगी. साक्षीदाराची जबानी घ्यायची ठरवलं. आजोबांनी किती माणसं मारली ते ती सांगेल, म्हणजे आशालताबाईंचं शास्त्र एकीकडे आणि घरची परंपरा एकीकडे.

आत्या ऊन खात बसली होती. पिस्तूल हातात घेतलं आणि म्हणाली, आरं, हे इतकं पिवळं कसं झालं? मग म्हणाली, आबा म्हनायचं, म्या एक बी मानूस मारला न्हाई. माजं काम उजेड पाडायचं. रातच्याला आपली पोरं कुटं पडल्यात ते दिसायला नगं व्हय? उजेड पडला की तिकडनं गोळ्या सुटायच्या. आबा रानात उबं, एकलं.

मी विचारलं, मग ते जमादाराचे सुभेदार कधी झाले? ती म्हणाली, कसलं सुभेदार? शिपाईच गेलं नि शिपाईच आलं.

पुढे म्हणाली, गावात लगीन असलं नि वर दारू उडवली की आबा जिमिनीवर पालथं पडायचं. भर मांडवात. लोकं हसायची. माज्या लग्नात आईनं सांगून ठिवलं व्हतं, बार उडवायचा न्हाई म्हनून. बिनआवाजाचं लगीन झालं माजं. मला लई राग आलता तवा.

हे भाषणात घेता येणार नाही. तरी लिहून ठेवतो.

येताना हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. मांडवात पालथा पडलेला म्हातारा डोळ्यांपुढून जाईना. मी त्याला बघितलेलंसुद्धा नाही. धुळीने डोळ्यांतून पाणी येत होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

साधनाने तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली नाही, नुसता हातावर ठेवला.

कळलं की तिने जयसिंगचा कोपऱ्यातला गाळा मेससाठी भाड्याने घेतला. जयसिंगने डिपॉझिट घेतलं नाही. वैनीकडून घेत नसत्यात म्हणाला. शेवटी त्याला माझ्या घरासमोर झुकावं लागलंच.

आपल्याच पट्टीवर आपण भाडेकरू. अर्थात, मालकीची डोकेदुखी नको असेल तर भाडं केव्हाही बरं.

२० जानेवारी, सोमवार

शुभांगीला झेरॉक्स नेऊन दिली. ती म्हणाली, काका, साधनाकाकूंनी मला मूळ पान आधीच पाठवलंय. आणि गोजराआजींचंही सांगितलं.

(आत्याचं मी साधनाला सांगितलं नव्हतं. मी वही उघडी ठेवून झोपतो हे लक्षात आलं. यापुढे उशीखाली.)

कमानीवर कोणाचंच नाव नाही. 'जांबे गाव आपले सहर्ष स्वागत करत आहे.' मी विरोध नोंदवणार होतो, पण ती म्हणाली, शाळेच्या कार्यक्रमात पिस्तूल मुलांना दाखवू, तुम्ही आणाल ना? मी लगेच होकार दिला नाही. आठ-दहा सेकंद घेतले.

भाषणाची तयारी: वीस मिनिटं. 'सुभेदार' गाळावं लागेल. 'रणधुरंधर' चालेल, ते पद नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. शुभांगीने गोजराआत्याला रिक्षा पाठवून आणलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. माईक आत्याच्या हातात. तिला माईक कसा धरायचा ते कळेना, मग साधनाने तिच्या तोंडाशी धरला.

मला शुभांगी म्हणाली, काका, आजी बोलतील तोवर पिस्तूल वर धरून उभे राहा, मागच्या मुलांना दिसेल.

आत्या बोलली. बसरा, उजेड, रानात एकटे उभे आबा. मांडवाचंही सांगितलं. मला वाटलं, पोरं हसतील. कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, मग त्यांना कोणी उठवायचं का? आत्या म्हणाली, आई उटवायची. धूळ झाडायची नि पंगतीला बसवायची.

मी सगळा वेळ हात वर. पिस्तूल जड आहे. थोड्या वेळाने दुसरा हात लावला. पिस्तुलाकडे कोणी बघत नव्हतं. खाली घेतलं तरी चाललं असतं, पण सांगेपर्यंत कसं घ्यायचं. शेवटी जयसिंग मागून आला आणि म्हणाला, दादा, द्या हिकडं, झालं आता.

माझं भाषण वेळेअभावी झालं नाही. कागद खिशात आहेत.

संध्याकाळी मेस सुरू झाली. आयटीतली पोरं जेवणाची कूपनं घेऊन गाळ्याबाहेरपर्यंत उभी. मी देखरेखीसाठी गेलो. साधना म्हणाली, कांदा चिरायला माणूस कमी आहे. चिरला. खांदा दुखत होता, डोळे चुरचुरत होते, कोणाला बोललो नाही.

गर्दी ओसरल्यावर तिने विचारलं, जेवलात का? नाही म्हटलं. तिने ताट वाढून समोर ठेवलं, भाकरीवर तूप घातलं, आणि कूपन मागितलं नाही.

जयसिंग आधी जेवून गेला, त्याच्याकडूनही मागितलं नव्हतं म्हणा.