अर्ज गेला तेव्हा मी व्हॅलेन्सियात होते

रविवार, १० मे. मँचेस्टर

पाठीवरच्या पिशवीत चार-पाच दिवसांचे कपडे बसतात का, याची आज रंगीत तालीम. बसतात, फक्त चेन लागत नाही. निखिल टेप घेऊन आला, कारण पिशवी बोटभर मोठी निघाली तरी विमानवाले पैसे उकळतात. शेवटी जीन्स बाहेर काढली. ती अंगावर घालून जायची, वर जॅकेट, जॅकेटच्या खिशात चार्जर आणि शेंगदाण्याची चटणी.

निखिल येत नाहीये. ऑफिसात नवी सिस्टिम त्याच आठवड्यात सुरू होतेय आणि माझ्या नवऱ्याशिवाय ती सुरू होणार नाही असं त्याला वाटतं. मी आणि मैत्रीण शलाका, दोघीच. १९ तारखेचं, मंगळवारचं तिकीट, कारण तेच परवडतं.

जूनमध्ये इथे पाच वर्षं होतील. आता आयएलआरचा अर्ज. तो पास झाला की कायमचं राहता येईल, व्हिसा वाढवत बसायची कटकट संपली. माझा व्हिसा निखिलच्या नोकरीला टांगलेला, म्हणून दोघांचे अर्ज एकदम करायचे. त्याने सगळं भरून ठेवलंय. मी परत आल्यावर बटण दाबायचं ठरलंय. म्हटलं, ऐन वेळी देशाबाहेर जाऊ का नको? तो म्हणाला, "अर्जाच्या आधी गेलीस तर काहीच प्रॉब्लेम नाही. मी वाचलंय." मीही वाचलंय. दोनदा.

मंगळवार, १९ मे. व्हॅलेन्सिया

पासपोर्टच्या खिडकीपाशी शलाकाचं चुटकीसरशी आटोपलं. गेल्या वर्षी ब्रिटिश पासपोर्ट मिळालाय तिला. मला परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, सगळं दाखवायला लावलं. ती पलीकडे उभी राहून जांभया देत होती.

हॉस्टेलात बायकांची सहा जणींची खोली, वरखाली पलंग. लॉकर आहे पण कुलूप आपलं आणायचं, हे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं. तरीही पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवायचा धीर झाला नाही.

गल्लीतून एवढा आवाज की वाटलं लग्न आहे. नव्हतं. लोक जेवत होते.

बुधवार, २० मे

पायाला भिंगरी. मोठ्या मंडईत नुसतं बघत फिरलो, बघायला पैसे पडत नाहीत. इथे दुपारचं जेवण ठरावीक किमतीत भरपेट मिळतं, म्हणून तेच मुख्य जेवण, संध्याकाळी पाव आणि आपली चटणी. भातात ससा आणि गोगलगायी असतात हे कळल्यावर शलाकाने भाज्यांचा भात मागवला. तांदूळ आंबेमोहोरासारखा बुटका, तळाची खरपुडी काय छान. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी खुणेने सांगितलं, खरवडून खा. खाल्ली.

जुन्या नदीचं पाणी दुसरीकडे वळवलंय आणि पात्रात मैलोन्‌मैल बाग केलीय. पुलांखालून चालत राहायचं. एका पुलाखाली मुली टाळ्या देत नाचत होत्या, शलाका त्यांच्यात घुसली. मीही थोडी.

पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात, शर्टाच्या आत. शलाका म्हणाली, "सारखी पोटाला हात लावतेस. लोकांना वाटेल दिवस गेलेत."

आज बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी.

गुरुवार, २१ मे

नाश्ता करताना निखिलचा फोन. आवाज असा की लॉटरी लागली असावी.
"झालं बघ. दोघांचेही अर्ज गेले."
"कुठे गेले?"
"सबमिट केले. आईचा सकाळी फोन आला होता. आज गुरुपुष्यामृत आहे, आजचं काम टिकतं म्हणाली. तसंही सगळं तयार होतं, म्हटलं टाकू उरकून."
"निखिल, मी कुठे आहे?"
"तू व्हॅलेन्सि—"

अर्ज करताना माणूस ब्रिटनमध्ये हवा. हा नियम त्यानेच मला वाचून दाखवला होता.

घरात देवापुढे दिवाही न लावणारा माणूस. तोही आतून घाबरलाय म्हणूनच सासूबाईंचा गुरुपुष्य त्याने घट्ट धरला, हे मला कळतंय. कळतंय म्हणून राग कमी होत नाहीये.

नंतर

त्याने फॉर्मची कॉपी पाठवली. "अर्जदार सध्या ब्रिटनमध्ये आहे का?" होय. खाली प्रवासांची यादी, तीत स्पेन, परत आल्याची तारीख शनिवार. म्हणजे मी शनिवारी घरी पोचल्याचं त्याने गुरुवारीच लिहून दिलंय. काम वेळेआधी करायची त्याची खोड. आणि खाली, वरील सर्व खरं आहे, माझं नाव.

शलाका म्हणाली, "अगं, चूक आहे, गुन्हा नाही." तिला म्हणायला काय जातंय. असं मनात आलं आणि लाज वाटली.

शुक्रवार, २२ मे

निखिलने काल गाठलेल्या वकीलबाईंचा ईमेल. निखिलचा अर्ज ठीक, त्याला हात लावू नका. माझा ग्राह्य धरला जाणार नाही. परत आल्यावर मागे घ्यायचा, नवा करायचा, सोबत खुलाशाचं पत्र त्या देतील. सध्याचा व्हिसा जूनअखेरपर्यंत आहे, तेव्हा आत येऊ द्यायला हरकत नसावी. मुद्दाम चुकीची माहिती दिली असा अर्थ बहुधा काढणार नाहीत.

नसावी. बहुधा. दिवसभर हेच दोन शब्द चघळतेय.

समुद्रावर गेलो. अख्खं गाव वाळूत लोळतंय, पोरं किंचाळतायत, कुणाला कसली घाई नाही. मी टॉवेलवर बसून फोनवर दुसऱ्या लोकांचे नामंजूर झालेले अर्ज वाचत होते. शलाकाने फोन काढून घेतला. मग परत दिला.

सासूबाईंचा फोन. "अगं मधुरा, मी चांगल्यासाठीच सांगितलं गं. तू तिकडे गेलीयेस हे माझ्या ध्यानातच नव्हतं."
"तुमची काही चूक नाही, आई."
खरंच नाही. त्यांनी दिवस सांगितला. मला एक फोन करून विचारायचं काम निखिलचं होतं. अर्ज माझा होता.

शनिवार, २३ मे. घरी

मँचेस्टरला खिडकीतल्या बाईने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे, परत स्क्रीनकडे. "तुमचा कुठला अर्ज चालू आहे का?" वकीलबाईंनी सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोला. मी भडाभडा सगळं सांगितलं. गुरुपुष्यसुद्धा. ते इंग्रजीत सांगताना किती वेडगळ वाटतं.

"तिथे बसा." बाजूच्या खुर्चीवर बसले. माझ्या विमानातले सगळे गेले, पुढच्या विमानातले आले. या देशाला मी पाच वर्षं नावं ठेवतेय. थंडी, अंधार, बेचव भाज्या. आज वाटत होतं, फक्त आत घ्या.

घेतलं. "लवकर निस्तरा हे," एवढंच म्हणाली.

निखिल बाहेर उभा, दाढी वाढलेली. ट्रॅममध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. आपला स्टॉप आल्यावर तो म्हणाला, "चुकलो." मी म्हटलं, "माहितीये."

मंगळवार, २६ मे

जुना मागे घेतला, नवा टाकला. या वेळी बटण मी दाबलं. निखिल मागे उभा होता.

नंतर म्हणाला, "मीही माझा मागे घेतो. परत एकत्र करू." वकीलबाईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या. तरी तो माझ्याकडे बघत होता. "तू सांग." म्हटलं, राहू दे. म्हटलं खरं.

गुरुवार, ९ जुलै

जुना व्हिसा संपला. उत्तर येईपर्यंत राहायला, काम करायला परवानगी आहे, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज रद्द. नाशिकला माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी. "तू नको येऊस, एवढंसं तर आहे," म्हणाली. एवढंसंच आहे. तरी फोन ठेवल्यावर रडले.

शलाकाने फोटो पाठवलेत. एकात मी पुलाखाली नाचतेय, तोंड उघडं, हात वर. ही बुधवारची मी. हिला काहीच माहीत नाही.

मंगळवार, २८ जुलै

कामावरून आले तर घर लख्ख. भांडी घासलेली, कचरा बाहेर, चहा तयार. मी विचारलं, "काय झालं?" तो कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "माझं आलं. सकाळीच."

दिवसभर लपवून ठेवलं होतं त्याने. मी मिठी मारली. आनंद झाला, खरंच झाला, मनापासून. आणि त्याच मिनिटाला माझा फोन उघडून बघितला. काही नाही.

शिरा करायला घेतला. तो म्हणाला, "नको, तुझं आल्यावर करू." म्हटलं, रवा टाकलाय आता.

"आईला सांगू?"
"सांग की. वाट बघत असतील."

त्याने फोन स्पीकरवर ठेवला. बातमी सांगितली. मला वाटलं आता देवापाशी साखर ठेवायला उठतील.

"आणि मधुराचं?" त्यांनी विचारलं.

निखिल माझ्याकडे बघत राहिला. मी रवा हलवत होते.