चित्रं खालापूरला, नावं कर्जतला

३ नोव्हें., सोम.
भावाचा मुलगा अनिकेत बाइकवरून आला. फोन न करता आला म्हणजे काम. कळंबला त्याचं रिसॉर्ट उघडतंय, जेवणघरात अप्पांच्या पुस्तकातले मासे लावायचेत. "आत्या, आमच्याकडच्या चित्रांखाली नुसते नंबर आहेत. नावं तुझ्या भागात. लिहून दे ना गं."
म्हणजे पानं कापणार?
"मग काय अख्खं पुस्तक टांगू?"
चहा दिला. नावं दिली नाहीत.

४ नोव्हें.
माझा खंड कपाटातून काढला. नुसती इंग्रजी वर्णनं. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये एका इंजिनियरने बदली होताना अप्पांना दिलेलं दोन खंडांचं पुस्तक. शंभरावर वर्षांचं, चित्रं हाताने रंगवलेली. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं ते त्यापायीच. भावंडांत भांडण नको म्हणून अप्पांनी मला मजकूर दिला, प्रकाशला चित्रं. एवढा शहाणा माणूस, आणि हे.

६ नोव्हें.
प्रकाशला फोन. "पोराचा पहिलाच धंदा हाय, ताई. कपाटात राहून काय व्हतंय त्याचं?" रागावून फोन ठेवला. ठेवल्यावर सुचलं: फोटो काढा, ते फ्रेम करा. अनिला मेसेज केला. उत्तरादाखल अंगठा. त्याचा अर्थ काय धरायचा?

९ नोव्हें., रवि.
काहीच धरायचा नव्हता. आज फ्रेमवाला प्रकाशकडे आला. प्र.च्या बायकोचा, शैलाचा, फोन: "वन्सं, त्यानं कटर काढला आन् मी पुस्तक उचललं. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहते मी त्याला. कापू कशी देईन?"
त्याच कुंकवाचा डाग पहिल्या चित्रावर पडला म्हणून मागे मी तिला वाट्टेल ते बोलले होते. आज म्हटलं, बरं केलंस.
"काय म्हणालात? नाय ऐकू आलं."
ऐकू आलं होतं तिला.
बापलेक मात्र फुगलेत. फ्रेमवाला पुढच्या रविवारी पुन्हा येणार.

१६ नोव्हें., रवि.
माझा खंड पिशवीत घालून खालापूरला. जेवणं झाल्यावर सतरंजीवर दोन्ही खंड शेजारी ठेवले. अनि नंबर सांगे, मी मराठी करून वाचे. प्र. लांब खुर्चीत. मग चष्मा लावून खाली. एक मासा तो पाहुण्यांना कायम रावस म्हणून दाखवतो. मजकुरात निघाला दाढा. प्र. म्हणे पुस्तकच चुकलंय. वाचून दाखवलं: पुढच्या पराखाली धाग्यासारखे तंतू, रावसाला चार, दाढ्याला पाच. अनिने बोट ठेवून मोजले. पाच.
शै.: "आन् बाजारात मला शिकवत व्हते!" हसून हसून पदर तोंडाला.
"थांबू नको आत्या, पुढचा." तेवढ्यात फ्रेमवाल्याचा फोन. अनि अंगणात जाऊन बराच वेळ बोलला. आत येऊन म्हणाला, "आज नको म्हटलंय." आज.
निघताना शै.: "वन्सं, पुस्तक राहिलं तुमचं."
"राहिलं नाही. ठेवलंय."
प्र. कपाटात जागा करत होता.
अनिने खोपोली स्टेशनला सोडलं. "फोटोचं बघतो, पण शब्द देत नाय हां." मीही मागितला नाही.

१७ नोव्हें.
माझ्या कपाटातली जागा रिकामी दिसते. नावं त्यांना हवी होती, ती मीच आपल्या हाताने देऊन आले. उद्या कापायचं ठरवलं तर अडवायला माझ्याकडे काही नाही. मूर्खपणा असेल. पण अर्धं पुस्तक सांभाळून तरी काय...
संध्याकाळी अनिचा मेसेज. एका चित्राचा फोटो, खाली: "आत्या, हा कोण? पप्पा म्हणतात घोळ मासा. इंग्रजी लय जड आहे."
आधी फोटो मोठा करून डावी कड पाहिली. पान शिवणीतच आहे.
मग मासा पाहिला. घोळ नाही.